समुद्रावरची पांढरी रेघ

“आत्याबाईंकडे जरा लक्ष असू द्या,” सहल कंपनीतल्या बाईंनी फोनवर सांगितलं होतं. “बेटांची तारीख तिसऱ्यांदा बदलून घेतलीय त्यांनी. आणि खुर्चीतून उठताना भिंत धरत होत्या.”

भाचीने ते हसण्यावारी नेलं. तान्ह्या बाळाचा श्वास चालू आहे ना, हे दर तासाला बघणाऱ्या तिला दुसरीकडे बघायला फुरसत कुठे होती? आणि आत्याला काय होणार! आईमागे हिला वाढवणारी, जन्मभर पार्लरमध्ये लोकांची नखं रंगवणारी आत्या आता कुठे स्वतःसाठी निघाली होती. प्रवाळ बेटांवर, आठ दिवस. बेटांचं माहितीपत्रक वर्षभर तिच्या फ्रिजवर चिकटलेलं होतं.

काल सकाळी आत्या सहलीला निघाली. संध्याकाळी फोटो आला: निळं पाणी, खाली पोवळी. “मजेत आहे.” आज सकाळी दुसरा.

आणि आत्ता त्याच बाईंचा फोन. “अहो, आत्याबाई काल विमानात चढल्याच नाहीत!”

मग फोटो कुणाचे? तिने ते मोठे करून पाहिले. दोन्हींत समुद्राच्या मधोमध एक सरळ, पांढरी रेघ होती.

बाळाला कडेवर घेऊन तिने आत्याचं घर उघडलं. फ्रिजवर नुसत्या चिकटपट्टीच्या चार खुणा. पोहण्याचा नंबरचा चष्मा टेबलावरच. डबीत आत्याची नाकातली चमकी आणि अंगठ्या. कचऱ्यात लाल डागांचे कापसाचे बोळे. आणि चहाशिवाय जिचे डोळे उघडत नाहीत, तिच्या कचऱ्यात चहाच्या चोथ्याचा कणही नाही.

ती बाळासकट जिना उतरली.

खाली टेलरकाकांचं दुकान होतं. आत्याची बॅग त्यांनीच टॅक्सीत ठेवली होती आणि तेच तिला सोडायला गेले होते.

“काका, आत्याला कुठे सोडलंत?”

“विमानतळावर. दुसरं कुठे?”

“सहलीसाठी तिने काही शिवून घेतलं?”

“दोन गाऊन. सुती, पुढून नाड्यांचे. बेटावर उकडतं ना.” काका हसले. “पोरी, तू पोलिसात भरती का नाही झालीस?”

“आज सकाळचा फोटो तिनेच पाठवला?”

मशीनचं चाक थांबलं, काकांची नजर टेबलावरच्या कापडाकडे गेली. तिने टेबलावरच्या कापडाखाली हात घातला. घड्यांचं माहितीपत्रक हाताला लागलं, त्याखाली आत्याचा फोन.

“ही रेघ लाटेची नाही, काका. कागदाच्या घडीची आहे. फोटो तुम्ही काढलेत.”

काकांनी मशीनवरचं शिवण बाजूला सारलं.

“नखांचा रंग पुसलेला. चमकी काढलेली. सकाळी पाण्याचा घोटही नाही. समोरून उघडणारे गाऊन. सहा महिन्यांपूर्वी बाळाच्या वेळी माझं पोट उघडायच्या आधी मलाही हेच करायला लावलं होतं. नखांचा रंग तर आत्यानेच पुसला होता.” तिचा आवाज फाटला. “तारखा बदलल्या त्या तपासण्यांसाठी. शेवटी राहिली ती ऑपरेशनची तारीख. कोणतं हॉस्पिटल?”

“शपथ घातली होती गं तिने. म्हणाली, पोरीची झोप आधीच उडालीय, तिला आणखी घोर नको. आठ दिवसांत बरी होऊन येते, बेटं बघून आले म्हणून सांगते.” काकांनी चष्मा काढला. “काल पोट उघडलं आणि तसंच शिवून टाकलं डॉक्टरांनी. गाठ इतकी पसरली होती, की काही करण्यासारखं उरलं नव्हतं. दोन महिने आधी ऑपरेशनला तयार झाली असती तर...”

दोन महिने. सहल कंपनीतल्या बाईंचा पहिला फोन तेव्हाच आला होता.

हॉस्पिटलात आत्या खिडकीजवळच्या खाटेवर होती. बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा, नखं पांढरीफटक. बाळाला पाहताच तिच्या चेहऱ्यावर चोरी पकडल्यासारखं हसू आलं.

“टेलरने तोंड उघडलंच वाटतं!”

“नाही. तुझ्या नखांनी सांगितलं.”

“एवढ्या लहानग्याला इथे कशाला आणलंस? बाधेल त्याला.”

तिला खूप ओरडायचं होतं. पण तिने खाटेला खुर्ची लावली, आत्याचा हात हातात घेतला.

“बेटं कशी आहेत गं, आत्या?”

आत्याने डोळे मिटले. “पाणी इतकं नितळ... तळाचा मासा मोजता येतो. तू यायला हवं होतंस.”

“आलेय ना.”

त्यानंतर आत्या एकोणीस दिवस होती. रोज थोडं थोडं बेटांबद्दल सांगायची. ती ऐकायची, कधी खोडायची नाही.

रहस्य उलगडलं, पण दोन महिने उशिरा. तुमच्याही घरात कुणीतरी असेल, सगळ्यांचं करणारं, “माझं काय, मी मजेत” म्हणणारं. आज त्यांच्याकडे जा. फोनवर विचारू नका. समोर बसा, हात हातात घ्या आणि नीट बघा.