धाकटीची झोप

"तिला उठवू नका, बाबा!"

पहाटेचे साडेचार वाजले होते. धाकटीच्या खोलीच्या दारात ताई हात आडवा धरून उभी होती, आणि गळ्यात शिट्टी अडकवलेले बाबा आपल्याच थोरल्या लेकीकडे अनोळखी नजरेनं पाहत होते. त्यांच्यापुढे या घरात आजवर कुणी ब्र काढला नव्हता!

"स्पर्धा तीन महिन्यांवर आली, आणि तू तिला लोळायला शिकवतेस?"

"अकरापर्यंत अभ्यास, साडेचारला मैदान... सोळा वर्षांची पोर, बाबा, वाढतं अंग! परवा जेवता जेवता ताटावर पेंगली. धावणं मंदावलंय तिचं. शाळेचे सरसुद्धा म्हणाले, या वयात आठ-नऊ तास झोप हवीच, शरीराची झीज झोपेतच भरून निघते."

"मी पाच तास झोपून धावलो. माझं काय बिघडलं?"

सात वर्षं ताईच्या काळजात दडपलेलं ते दुःख अखेर ओठांवर आलंच.

"माझं बिघडलं, बाबा! शर्यतीत पडले, गुडघा कायमचा गेला... तुम्ही म्हणालात, लक्ष नव्हतं. कुठून असणार? धावतानाच डोळे मिटत होते माझे! तुमच्या जिवाला लागेल म्हणून बोलले नाही इतकी वर्षं..."

बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. "म्हणजे मीच तुला अधू केलं म्हण की!" एवढंच बोलून ते निघून गेले, आणि त्या दिवसापासून त्यांनी पहाटेची शिट्टी खुंटीला अडकवली अन् ताईशी अबोला धरला.

आई गेल्यापासून घरकाम दोघी बहिणींनी वाटून घेतलं होतं. आता धाकटीचा वाटाही ताईनंच उचलला. इस्पितळाच्या धुलाईघरात ती कामाला होती. तिथं मुकादमाची जागा चालून आली, पण ती सकाळच्या पाळीची... घेतली असती तर सकाळचं घरकाम पुन्हा धाकटीवर आलं असतं. ताईनं निमूटपणे नकार दिला. धाकटीचा सराव दुपारी चारला सरांकडे सुरू झाला, आणि साडेनऊच्या ठोक्याला तिच्या खोलीतला दिवा विझू लागला. बाबा मात्र जेवताना धाकटीला म्हणायचे, "तुझ्या ताईला सांग, आमटीत मीठ कमी आहे." ताई शेजारीच बसलेली असायची!

महिन्याभरात धाकटीच्या गालांवर रंग चढला. ती पूर्वीसारखी कडाकडा भांडू लागली, तेव्हा तर ताईला खात्रीच पटली, पोर ताजीतवानी झाली!

स्पर्धेच्या दिवशी चारशे मीटरच्या शेवटच्या वळणावर धाकटी तिसरी होती. पुढच्या दोघींचे पाय जड झाले, आणि ती... ती जणू आत्ताच धावायला लागल्यासारखी सुसाट सुटली! फीत तिच्याच छातीनं तुटली. ताई कठड्याला धरून ढसाढसा रडत होती.

"तुमची मुलगी ना? घडवलीत हो!" शेजारच्या गृहस्थांनी बाबांचा हात हातात घेतला.

बाबांनी तो हळूच सोडवला. गर्दीतून वाट काढत ते ताईपाशी आले, आणि तिला खांद्याशी धरून त्या गृहस्थांसमोर आणून उभं केलं.

"ही माझी थोरली. धाकटीला हिनं घडवलं. मी नुसताच पळवत होतो..." ते ताईकडे वळले. "पोरी, तू पडलीस तेव्हा उचलायचं सोडून तुलाच ओरडलो गं मी!"

"बाबा, लोक बघतायत..." ताई हुंदक्यातून पुटपुटली.

"बघू देत! माझी लेक सगळ्यांनी बघायलाच हवी."