तिसऱ्यांदा दाबलं की शून्य

धायरीच्या पोहण्याच्या तलावावरून सकाळीच फोन आला, "सर बुडाले!" इन्स्पेक्टर नीरजा भोसेकरला आधी वाटलं, कुणीतरी थट्टा करतंय. यज्ञेश्वर केतकरांनी अर्ध्या पुण्याला पोहायला शिकवलं होतं. ते बुडाले म्हणजे मासाच बुडाला की!

पण सर खरोखरच काठावर आडवे होते. वर त्यांनीच रंगवून घेतलेली पाटी होती : 'रडणाऱ्यांना फी परत मिळणार नाही.' सुंठीवाचून खोकला गेला म्हणणारे आईबाप या गावात बरेच निघाले असते.

सरांच्या उजव्या खांद्यावर टाचेएवढा निळा डाग होता.

"शिडी लागली असेल," पुष्कर म्हणाला. हा त्यांचा जुना विद्यार्थी, आता मदतनीस. ओल्या कपड्यांत उभा होता. मुठीत सरांचं जुनं स्विस घड्याळ.

नीरजाने ते घेतलं. वेळ मोजणारा काटा थांबलेला होता, मिनिटांचा छोटा काटा बरोबर पाचावर. तिने आधी फोटो काढला.

"काय झालं?"

"सर रोज शिडीची खालची पायरी धरून पाण्याखाली दम कोंडतात. मी वेळ लावतो. दोन मिनिटांनी वर आले. मी घड्याळ थांबवलं. थोडा दम खाऊन परत खाली गेले, मी तिथूनच पुढे चालू केलं. तेवढ्यात अपूर्वाताईंचा फोन आला. इथं आवाज घुमतो, म्हणून फाटकापाशी गेलो. तीन मिनिटांनी येऊन बघतो तर..."

"दोन आणि तीन, पाच."

"हो, मॅडम."

हिशेब चोख होता. नीरजाला इतके चोख हिशेब कधीच आवडत नसत.

सरांची मुलगी अपूर्वा ऑफिसात बसली होती. रडून रडून तिचा आवाज बसला होता.

"माझ्याच फोननं बाबा गेले हो, मॅडम. मी विचारलं, बाबा कुठायत? पुष्कर म्हणाला, पाण्यात आहेत, आज छान चाललंय. आणि मी आपली बोलत बसले. रविवारी त्यांना पाटवड्या करू की कोथिंबीरवड्या? म्हणाला, पाटवड्या करा. मी फोन केलाच नसता तर..."

नीरजाला तिची फार कीव आली. ही बाई हे जन्मभर उरावर घेऊन जगणार होती.

"हे घड्याळ कसलं आहे?"

"जुन्या बाजारात मिळालेलं. एकच बटण आहे त्याला. एकदा दाबलं की चालू, दुसऱ्यांदा बंद, तिसऱ्यांदा काटे शून्यावर. बाबांचा फार जीव त्याच्यावर. पुष्कर सोडून कुणाला हात लावू देत नसत."

"आणि शिकवायचे कसे?"

"कडक होते. शिडीवर उभं राहून मुलाच्या खांद्यावर पाय ठेवायचे. बटण दाबेपर्यंत वर यायचं नाही. म्हणून तर मुलं राज्य पातळीवर गेली."

"सगळी?"

अपूर्वाने भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे पाहिलं. दहा-अकरा वर्षांचा मुलगा. "साई. पुष्करचा धाकटा भाऊ. इथंच गेला. हृदय कमजोर होतं, असं बाबा म्हणाले."

नीरजाने पुष्करला आत बोलावलं आणि घड्याळ त्याच्या हातात दिलं.

"सकाळी थांबवून तिथूनच पुढे चालू केलंत ना? मला करून दाखवा."

त्याचा अंगठा बटणावर गेला आणि तिथेच राहिला.

"दाबा की."

पुष्कर हलला नाही.

"दाबलंस तर काटे शून्यावर जातील," नीरजा म्हणाली. तिचं 'अहो-जाहो' संपलं होतं. "हे घड्याळ एकदा थांबलं की तिथून पुढे चालतच नाही. तुझी दोन अधिक तीनची बेरीज त्याला येत नाही. पाच मिनिटं सलग झाली. सर एकदाच खाली गेले. फोन आला तेव्हा दोन मिनिटं झाली होती, आणि तू फाटकापाशी नव्हतास. तू शिडीवर होतास. एका हातात घड्याळ, दुसऱ्या हातात फोन आणि सरांच्या खांद्यावर टाच. त्यांनीच शिकवलेली पद्धत."

अपूर्वा हळूहळू उठली. "म्हणजे मी पाटवड्यांचं विचारत होते, तेव्हा बाबा..."

"हो," नीरजा म्हणाली. याहून मऊ उत्तर तिच्यापाशी नव्हतं.

"सरांना आवडायच्या, ताई," पुष्कर शांतपणे म्हणाला. "साईला वर काढलं ना, तेव्हा सरांनी आधी घड्याळ पाहिलं. मग त्याला. म्हणाले, आणखी थोडा थांबला असता तर विक्रम होता."

"आणखी एकदा बटण दाबलं असतंस तर पुरावाच उरला नसता," नीरजाने विचारलं. "का नाही दाबलंस?"

"सरांनी पाहिल्याशिवाय वेळ पुसायची नाही, मॅडम. लहानपणापासूनची शिस्त आहे. मी त्यांच्या डोळ्यांसमोर धरून बसलो होतो. एवढी वेळ त्यांची कधीच आली नव्हती. पण ते बघतच नव्हते."

अपूर्वाने पुढे होऊन घड्याळ त्याच्या हातून हिसकावलं आणि बटण दाबलं. दोन्ही काटे झटकन शून्यावर गेले.

"ताई, काय केलंत हे!" पुष्कर किंचाळला आणि लहान मुलासारखा ओक्साबोक्शी रडायला लागला.