एकतिसाव्या अनुच्छेदावरची चिठ्ठी

श्यामलाबाई गर्गे खुर्चीत बसल्या, पण पाठ टेकली नाही. पर्समधून तीन चिठ्ठ्या काढून त्यांनी टेबलावर मांडल्या.

खासगी तपासाचं काम करणाऱ्या सविता क्षेमकल्याणीने त्या वाचल्या. मग आपला मदतनीस किशोर याच्याकडे सरकवल्या. किशोर माणूस भला, फक्त डोक्याने निवांत.

पहिली: ‘कुत्रा’ हा शब्द वगळण्यात येत आहे.

दुसरी: ‘फोन’ हा शब्द वगळण्यात येत आहे.

तिसरी: ‘श्यामला’ हा शब्द सोमवारपासून वगळण्यात येत आहे.

“घटनादुरुस्तीची भाषा आहे ही,” बाई म्हणाल्या. “आमचे हे वकील होते. जन्मभर घरात हेच ऐकलं.”

पहिली चिठ्ठी दारावर दिसली त्याच दिवशी कुत्रा नाहीसा झाला. दुसरी आली तेव्हा बाई भरदुपारी आंघोळीला गेल्या होत्या. बाहेर येऊन पाहतात तर टेबलावरचा मोबाइल गेलेला. तिसरी आज सकाळची, शुक्रवारची. तेव्हापासून त्यांनी घरात पाण्याचा घोटही घेतला नव्हता. पोलिसांनी तक्रार लिहून घेतली आणि कुत्रा येईल म्हणाले.

सोमवारी काय आहे, असं सविताने विचारलं. त्या दिवशी नवऱ्याची सगळी कायद्याची पुस्तकं एका कॉलेजला जाणार होती. ढुंढिराज वकिलांना जाऊन वर्ष झालं होतं. कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली बाईंच्या गळ्यात.

“मला मरायचं नाही हो,” बाई एकदम म्हणाल्या. “एकाहत्तर वर्षांची झाले तरी नाही.”

गंगापूर रोडवरच्या त्यांच्या बंगल्याच्या दारावर मधल्या वेळात आणखी एक चिठ्ठी लागली होती. ती चौथी. तिच्यावर नुसती सोमवारची तारीख. डावी कड तेवढी चिकटवलेली, बाकीचा कागद वाऱ्याने दारावर थपथप आपटत होता. तो आवाज ऐकून बाईंनी किशोरचा दंड घट्ट धरला.

वरच्या मजल्यावर भाड्याने राहणारे यादव सर स्पर्धा परीक्षांचे क्लास घेत. शंभरावर घटनादुरुस्त्या त्यांना तोंडपाठ. संपूर्ण बंगला मिळाला तर क्लास वाढवता येईल, हे त्यांनी लपवलं नाही. फाटकावर त्यांच्या जाहिराती होत्या, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत खळ फासून बसवलेल्या. एक काढायला किशोरने नख लावलं, तर नखच तुटलं.

भाचा मयुरेशही वकील. मामीने बंगला सोडून आपल्या फ्लॅटवर यावं, असा त्याचा धोशा. कायदा तो मोबाइलवर वाचायचा आणि हाती लागेल त्या कागदाला स्टेपलरची पिन मारायचा. त्याचा संताप खरा वाटत होता.

तिसरा झुंबर, वकीलसाहेबांचा कारकून. चाळीस वर्षांहून जुना. अजूनही रोज येऊन पुस्तकांचं बंद कपाट बाहेरून पुसायचा. त्याने बाईंना त्यांच्या घोटीच्या शेतावर जाऊन राहायला सुचवलं होतं. तिथे राखणीला मंगळू होता, त्याचा बाप लहानूही तिथेच राबून गेला. “तिथे भीती नाही बाई,” झुंबर म्हणाला. “किल्ली द्या, पुस्तकं मी बांधून पाठवतो.”

सविताने पुस्तकं पाहायला मागितली, तेव्हा बाईंनी कपाट उघडलं. साहेबांच्या राज्यघटनेची जाडजूड प्रत बाहेर निघाली आणि झुंबरचा चेहरा उजळला. आठवण म्हणून ही प्रत त्याने मागितली होती, पण कॉलेजची यादी आधीच झालेली. कायदा बदलला की नव्या मजकुराची चिठ्ठी जुन्या पानावर लागे; अशी प्रत्येक चिठ्ठी त्याने स्वतः लावली होती.

“कडेलाच खळ लावायची,” तो म्हणाला. “खालचा जुना मजकूर वाचता आला पाहिजे. सत्तर सालच्या खटल्याला सत्तर सालचाच कायदा लागतो.”

सविता एकेक चिठ्ठी उचलून पाहत गेली. अनुच्छेद एकतीस, संपत्तीचा हक्क, चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने वगळलेला. तिथली चिठ्ठी अर्ध्या पानाची होती आणि उचलली जाईना. पान जाडही लागत होतं.

“जुनं आहे ते, फाटेल,” झुंबर घाईने म्हणाला.

सविताने पुस्तक मिटलं आणि चहा मागितला. तो आल्यावर तिने यादव सर आणि मयुरेशलाही बोलावून सगळ्यांना तिथेच बसवलं.

“बाईंना घराबाहेर काढायचं तर तिघांच्याही मनात होतं. पण दारावरची चिठ्ठी कडेला चिकटवलेली आहे. यादव सर कागद पूर्ण बसवतात, मयुरेश पिन मारतो. धमकी देतानाही खालचं झाकायचं नाही, ही सवय एकाच हाताची. त्याच हाताने या पुस्तकात एकच चिठ्ठी चारी बाजूंनी चिकटवली. ती कशासाठी?”

सविताने ओल्या रुमालाने कडा भिजवल्या आणि चिठ्ठी हळूच सोडवली. खाली घडी केलेला पातळ कागद होता, त्र्याहत्तर सालचा. ढुंढिराज वकिलांनी लिहून दिलं होतं की घोटीची जमीन वाद मिटेपर्यंतच आपल्या नावावर राहील, मग लहानूला परत केली जाईल. सही साहेबांची, अंगठा लहानूचा.

“बाईंना घोटीला धाडून किल्ली मिळाली की झुंबरला हा कागद काढून घ्यायचा होता,” सविता म्हणाली. “सोमवारनंतर तो कुणाही विद्यार्थ्याच्या हाती पडला असता.”

झुंबरने कबूल केलं. साहेबांनी तो कागद जाळायला सांगितला होता, पण त्याला जाळवेना. कागद कधी नष्ट करायचा नाही, हे त्याला साहेबांनीच शिकवलेलं. बाईंच्या केसालाही तो धक्का लावणार नव्हता, असं तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. कुत्रा त्याच्या घरी खाऊन पिऊन मजेत होता. खिशातून मोबाइल काढून त्याने टेबलावर ठेवला.

“साहेबांचं नाव जायला नको होतं,” तो म्हणाला.

मयुरेश पोलिसांना बोलवायला उठला. बाईंनी त्याला थांबवलं. त्यांनी तो कागद दोनदा वाचला. तीस वर्षं दर दिवाळीला त्या घोटीला जात, आणि मंगळूची बायको त्यांच्या पायांवर पाणी घालत असे.

“सकाळपासून मरणाची भीती वाटत होती,” त्या सविताला म्हणाल्या. “मंगळूपुढे उभं राहायची भीती त्याहून वाईट आहे.”

मग त्यांनी मोबाइल उचलला आणि मंगळूला लावला. उद्या येते, एवढंच म्हणाल्या.

पलीकडचा आवाज खोलीतल्या सगळ्यांना ऐकू आला.

“या ना बाई, इचारता काय,” मंगळू म्हणाला. “घर तुमचंच हाय.”