वखारीकडची खिडकी

आमच्या घरात पोरं बोलायला लागण्याआधीच त्यांना एक गोष्ट शिकवतात: संध्याकाळी जेवताना वखारीकडची खिडकी उघडायची नाही. आणि का, ते विचारायचं नाही.

दिवस मावळायच्या आत जेवणं हे निपाणीतल्या सगळ्याच जैन घरांत असतं. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण खिडकीचा नियम फक्त आमच्याच घरात. लहानपणी मी एकदा कांताआत्याला विचारलं होतं, तर म्हणाली, "वारं येतंय." मे महिना होता. आम्ही सगळे घामानं निथळत भाकरी मोडत होतो, आणि वारं येतंय म्हणून खिडकी बंद.

बेळगावात कॉलेजला असताना मला रस्त्यावरचे फोटो काढायचा नाद लागला. खडेबाजारात मी तासन् तास उभी राहायची. कन्नडमध्ये घासाघीस करून मराठीत शिव्या हासडणारी बाई, हातगाडीखाली चपला उशाला घेऊन झोपलेला माणूस, असलं काहीबाही टिपायची. या फोटोंचं एकच पथ्य असतं: समोरच्याला कळता कामा नये. कळलं की माणूस पोट आत घेतो, पदर सारखा करतो, आणि फोटो तिथंच मरतो.

या हिवाळ्यात माझी मैत्रीण सौम्या बेळगावात आम्हा मुलींनी काढलेल्या फोटोंचं प्रदर्शन भरवत होती. मी तिला सांगितलं, मी तंबाखूच्या वखारीतून घरी परतणाऱ्या बायका देणार. त्यासाठी निपाणीला आले. पण बोळात उभी राहिले की बायका हसायच्या. "आप्पांची नात आली बघा, पदर घ्या गं." सगळा खेळ खलास. वरून काढले तर कुणाला कळणार नव्हतं. आमची जेवणाची खोली माडीवर आहे, आणि बोळाकडं उघडणारी खिडकी तिथं एकच.

त्या संध्याकाळी घरचे हातपाय धूत होते, तेवढ्यात मी ती उघडली.

ऊन तिरपं, पिवळं होतं. पहिल्यांदा आला तो वास. समोरची वखार आमचीच, पण माझ्या जन्माआधीपासून बंद. कुलपाचा गंज दारावर ओघळलेला. तरी वास मात्र आजच पोती उघडल्यासारखा, घशात खवखवणारा. खालून दुसऱ्या वखारींतल्या बायका निघाल्या होत्या. केसांत तंबाखूची धूळ, नाकातोंडाला फडकी. एक फडकं सोडता सोडता हसत होती, एक मोबाइलवर कुणाला तरी झापत होती. मी फोटो काढत गेले. खाली कुणीतरी खोकत होतं. कोरडा, लांब खोकला. बायका पुढं निघून गेल्या, बोळ रिकामा झाला, तरी खोकला तिथंच राहिला.

मागून कांताआत्याचा हात आला आणि खिडकी धाडकन मिटली.

"कुणी सांगितलंतं उघडाय?"

"उजेड चांगला होता."

"उजेड म्हणं. त्या कॅमेऱ्याशीच लगीन लाव तुजं."

पण ती माझ्याकडं बघत नव्हती. कडी लागली का, ते दोनदा चाचपून बघत होती.

ताटं वाढली. आजोबा, म्हणजे आमचे आप्पा, माझे वडील आणि आत्या जेवायला बसले. मी एका हातानं जेवत कॅमेऱ्यात फोटो बघायला लागले. छान आले होते. एकही बाई वर बघत नव्हती...

एक सोडून.

ती आमच्या वखारीच्या दारात होती, कुलपाला पाठ लावून. मी फोटो काढताना ती मला दिसली नव्हती, हे मी शपथेवर सांगते. जुन्या वळणाचं लुगडं, तोंडाला फडकं. पहिल्या फोटोत मान खाली. पुढच्यात थोडी वर. त्याच्या पुढच्यात ती सरळ माझ्याकडं बघत होती. शेवटच्या फोटोत बोळ रिकामा होता, आणि तिनं फडकं ओढून खाली घेतलं होतं. तोंड उघडं. काहीतरी सांगता सांगता थांबल्यासारखं.

माझ्या हातातला घास गार झाला. मी कॅमेरा आप्पांच्या ताटाशेजारी ठेवला.

"ही कोण?"

आप्पांनी चष्मा वर सरकवला. बघितलं. मग चष्मा काढून ठेवला.

"पुसून टाक," ते म्हणाले.

"कोण आहे ती?"

"तिशू, जेव गुमान," वडील म्हणाले. "आप्पा सांगतात ना."

"तुम्हाला माहीत आहे, अण्णा?"

वडिलांनी आमटी वाढून घेतली.

"मी लई ल्हान होते..." आत्या एकदम बोलायला लागली, भिंतीकडं बघत. "दिवस मावळत आलता. जेवणाची घाई. आप्पांनी वखारीला कुलूप घातलं आन् वर आले. आत पोत्यांमागं एक बाई पडली होती, अंगात ताप हुता तिच्या. कुणी बघितलंच न्हाय. आम्ही ताटावर बसलो, आन् खोकला ऐकू आला. मग दार वाजाय लागलं."

"कांता," आप्पा म्हणाले.

"मी म्हटलं, आप्पा, आत कोण तरी हाय. तर म्हणाले, जेवून बघू. ताट सोडून उठलं तर मग जेवता येत न्हाय, दिवस मावळतोय. मला म्हणाले, खिडकी लाव."

"आणि जेवून बघितलंत?"

"जेवून हुईपर्यंत..." आत्या थांबली. "खोकला थांबलाच हुता गं. वाटलं, गेली आसंल."

"कुलूप लावलेल्या दारातून?"

आप्पांनी भाकरीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही.

"घराण्याचं नाव हाय," ते शांतपणे म्हणाले. "चव्हाट्यावर मांडणार हाईस? आपल्या माणसांचं पाप? पुसून टाक, पोरी. मी पाया पडतो तुज्या."

आणि तेव्हाच खोकला आला. बोळातून नाही. खिडकीच्या पलीकडून, माडीच्या उंचीवर, अगदी फळीला तोंड लावल्यासारखा... तंबाखूचा वास ताटापर्यंत आला. वडिलांनी मान खाली घातली आणि भराभर जेवायला लागले. तिघांनाही ऐकू येत होतं. रोज येत असणार. लहानपणी माझ्याही कानावर पडला असणार, मी तो बोळातल्या बायकांचाच समजले असणार. रोज संध्याकाळी, इतकी वर्षं, हे लोक असेच जेवत आले होते.

मी ताटावरून उठले.

"ताट सोडू नको," आत्या कुजबुजली. "परत बसता यायचं न्हाय."

"नकोय मला."

भीती वाटली नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. पण भीतीपेक्षा राग मोठा होता, आणि रागानंच मला खिडकीपर्यंत नेलं. कडी गार होती, ओली होती. मी ती काढली आणि दोन्ही फळ्या ढकलल्या.

बाहेर कुणी नव्हतं. नुसता बोळ, आणि कौलांवर उरलेलं थोडं ऊन.

मी वळले. "फोटो पुसणार नाही. बेळगावला जाणार तो, सगळ्यात मोठा करून. खाली नाव लिहायला लागतं. काय नाव होतं तिचं?"

आप्पा ताटाकडं बघत होते.

"आत्या? अण्णा? इतकी वर्षं तिचा खोकला ऐकत जेवताय. नाव तरी सांगा."

आत्यानं पदर तोंडात कोंबला. वडिलांचा हात हवेत थांबला होता.

"जयाबाई," माझ्या पाठीमागून, खिडकीबाहेरून आवाज आला.

बायकी, घोगरा, जरा संकोचलेला. सरकारी कचेरीत पहिल्यांदाच कुणी नाव विचारल्यावर सांगावं, तसा.

मी मागं बघितलं नाही. मोबाइल काढला. नाव लिहायला लागले, एक अक्षर चुकलं, ते खोडून परत लिहिलं. समोर आप्पा, आत्या, वडील माझ्या खांद्यावरून पलीकडं बघत होते.

"आडनाव?" मी विचारलं.

बाहेर तिनं घसा साफ केला.