मैनेचा पहारा

“मग, ठरवलं का डॉक्टरनं येडी?” नाशिकहून परतलेल्या सुनेच्या हातातली फाईल पाहताच कुसाबाईंनी ओट्यावरूनच शब्द फेकला, अन् मैना उंबऱ्यातच थबकली...

“येडी नाय, आई,” पाठोपाठ आलेला तिचा नवरा जीवन म्हणाला. “एडीएचडी म्हणत्यात त्याला. लहानपणापासूनच मन एका जागी ठरत नाय तिचं. आळस नाय की बेफिकिरी नाय.”

एकोणचाळिसाव्या वर्षी मिळालेलं ते नाव! एसटीत मैना हसलीही होती, रडलीही होती. माहेरापासून चिकटलेलं ‘वेंधळी’ एका कागदानं पुसलं जाईल? अन् चार वर्षांपूर्वीचा तो कलंक?... गावच्या हरिनाम सप्ताहात अहोरात्र कुणाच्या तरी गळ्यात वीणा असायची. ती खाली टेकू द्यायची नाही, पहारा बदलला की एकमेकांच्या पाया पडून पुढच्याच्या गळ्यात घालायची. त्या दुपारी सगळे पंगतीला गेले असताना मैनेनं वीणा चौरंगावर ठेवली आणि ती मंडपातून धावत सुटली! शरमेनं कुसाबाईंनी स्वतःचा वीस वर्षांचा पहाराही सोडला होता.

“अन् वीणा? ती पण या दुखण्यानंच खाली ठेवली व्हय?”

जीवनच पुढं झाला. “डॉक्टरनं खोदून विचारलं तवा मलाही आज कळलं, आई. गॅसवर दूध ठेवून ती पहाऱ्याला गेली व्हती. घरात तू तापानं फणफणून झोपलेली. उभ्या उभ्या आठवलं तिला... म्हणून धावली.”

“अगं बाई! मग चार वर्सं बोलली का नाय?”

“काय बोलू, आत्याबाई? गॅस तरी मीच विसरले व्हते ना!”

कुसाबाई ओट्यावरून उठल्या. सुनेच्या ज्या चुरगळलेल्या पदरावरून त्यांनी शंभरदा टोमणे मारले होते, तोच पदर त्यांनी हळूच हातात घेतला. “या गाठी कशाच्या गं?”

“ही पाण्याची मोटार बंद करायची... ही गॅसची... अन् या दोन तुमच्या बीपीच्या गोळ्यांच्या. सकाळची, सांजची.”

“सोळा वर्सांत माझी एक गोळी चुकली नाय...” एवढंच पुटपुटत त्या आत गेल्या.

पुढल्या महिन्यात सप्ताह बसला. दुपारच्या पहाऱ्याच्या यादीत परत आलेल्या कुसाबाईंच्या नावाखाली मैनेचं नाव पाहून बायका कुजबुजल्या. मैना मागं सरकली.

“नको, आत्याबाई... परत माझ्या हातून काय झालं तर?”

“घे गळ्यात. मी हितंच टाळ घेऊन बसते. अन् गॅस मी स्वता बंद करून आलेय!”

बायकांत हसू फुटलं. पांडुरंगाचं नाव घेऊन कुसाबाईंनी वीणा सुनेच्या गळ्यात घातली, आणि मैना पाया पडायला वाकणार तोच सासूबाईच खाली वाकल्या! रीत होती ती क्षणभर पाय शिवण्याची; पण ते सुरकुतलेले हात मैनेच्या पावलांवरून उठेचनात, अन् तिच्या जोडव्यांवर ऊन ऊन थेंब टपटपले... गळ्यातली वीणा सांभाळताना मैनेला सासूला उठवताही येईना.

“आत्याबाई, उठा हो... लोक बघत्यात!”

“बघू दे,” खालूनच भिजलेला आवाज आला. “तू वाजव.”