नौरोजच्या रंगाखालची तोटी

करागांडा शहरातल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत सगळा गुन्हा एका बादलीत ठेवलेला होता: खोली तापवणाऱ्या, गरम पाण्याच्या रेडिएटरवरून निखळलेली तोटी.

तिच्या जागी उसळलेल्या कढत पाण्याने भाडेकरू मेइरामच्या बायकोचा, कामशातचा, उजवा हात कोपरापर्यंत भाजला होता. कामशात शिवणकाम करायची.

घरमालकीण रायखानआपांचं म्हणणं साधं होतं. फुकटचं गरम पाणी काढायला भाडेकरूनेच तोटी बसवली. तसं ठरलं तर उपचाराचा खर्च सोडाच, खोलीही जाणार होती. आणि बाहेर बर्फातला फेब्रुवारी होता. म्हणून मेइरामने खासगी तपासनीस बोतागोझबाईंना बोलावलं.

त्यांचा मदतनीस सेरीकबाय निवृत्त पोलीस. खोलीत जो सर्वांत गरीब तो गुन्हेगार, ही त्याची पद्धत. नोकरीत ती कधी चुकल्याचं कुणी दाखवून दिलं नव्हतं.

"तोटी कधी बसवलीस?" त्याने विचारलं.

"आम्ही ऑक्टोबरात आलो, आगा. तोटी आधीपासून होती."

"पाणी काढत होतास?"

"काढायचो. अख्खी इमारत काढते."

"झालं, बाई. कबूल झाला."

बोतागोझबाई खिडकीपाशी होत्या. चौकटीच्या पांढऱ्या रंगाचा पोपडा उडाला होता. खाली हिरवा, त्याखाली निळा.

"घर छान राखलंय, आपा."

रायखानआपा खुलल्या. "दर नौरोजला, नव्या वर्षाच्या सणाला, नव्या रंगाने स्वतः रंगवते. खिडकी आणि रेडिएटर, एकाच डब्यातून. भाडेकरूंच्या हाती ब्रश देत नाही मी. ओघळ पाडतात मेले."

"गेल्या मार्चात रंगवलंत तेव्हा तोटी नव्हती?"

"कुठली तोटी? साधं बूच होतं."

बोतागोझबाईंनी बादलीतली तोटी उचलून किल्लीने खरवडली. पांढरा. मग हिरवा. मग निळा. शेवटी पितळ.

"मेइरामने बसवली असती तर नुसतं पितळ दिसलं असतं. हिच्यावर तीन नौरोज चढलेत, आपा, खिडकीवर चढले त्याच क्रमाने. सणाच्या उत्साहात तुम्ही तोटीही रंगवून काढलीत. आतले आटे कुजत होते, वरून सगळं सणासारखं."

सेरीकबायने ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "म्हणजे हा गरीब असून निर्दोष?" त्याला ते पटायला जड जात होतं.

रायखानआपांनी शांतपणे चहा ओतला. "मेइराम, बाळा, या थंडीत दुसरी खोली पाहिलीस का कुठे?"

मेइरामने सेरीकबायच्या हातातली तोटी घेऊन परत बादलीत टाकली.

"तोटी मीच बसवली, आपा."

सेरीकबायचा चेहरा उजळला.

आपांनी पहिला कप मेइरामपुढे सरकवला. कामशात एवढा वेळ भिंतीला टेकून बसली होती.

"बाई, भाजलाय तो हात माझा. तक्रार मला करता येते ना?"

"येते."

"अगं, हिवाळा आहे," मेइराम पुटपुटला.

"माहितेय." ती एका हाताने कोट ओढत उठली. "बाई, तेवढी बटणं लावून द्या."