मिनोकुबोचा दहावा प्रवासी

धावत येणाऱ्या त्या माणसासाठी मिझुएने गाडी रोखून धरली... तब्बल चाळीस सेकंद! कुरेहा विद्युत रेल्वेच्या दोन डब्यांच्या गाडीत ड्रायव्हर तीच आणि तिकिटं घेणारीही तीच. उंच, भिजलेला तरुण धापा टाकत मिनोकुबोच्या फलाटावर पोचला, कमरेत वाकून तिला नमस्कार केला आणि फलाटावरच्या बाकावर जाऊन बसला.

"अहो, चढा ना!"

"मला कुठे जायचं नाहीये. मी मोजणीला आलोय." हातातल्या यंत्राची कळ त्याने टक् टक् दाबली. "नऊ."

कुराशिगे त्याचं नाव. नगरपालिकेने पाठवलेला. पंधरा दिवसांत एकदा तरी सकाळच्या गाडीला इथे दहा माणसं चढली नाहीत, तर थांबा बंद!

दुसऱ्या दिवशी मिझुएने खिडकीतून डोकं काढलं. "साहेब, तुम्हीच चढा की. होतील दहा."

"मोजणाऱ्याने स्वतःला मोजायचं नसतं."

"मग सुगिनो आजींना दोनदा मोजा. दोघींची जागा अडवतात."

"ऐकू आलं हं मला!" मुळ्यांच्या टोपलीआडून आजी कडाडल्या.

कुराशिगेने हसू दाबलं, पण कान लालबुंद झाले.

पाऊस हटेना, म्हणून तिने त्याला आपली छत्री दिली. सकाळी ती परत आली, नीट घडी घातलेली... आणि सोबत कागदात गुंडाळलेलं काहीतरी गरम.

"ही लाच का?"

"नाही... रताळं आहे."

त्या दिवसापासून मिझुए आरशात फलाट जरा जास्तच वेळ बघू लागली. इकडे आजींनी एकदा आपल्या दिराला ओढून आणलं, तर नेमका रोजच्या नवांतला मासेवाला तापाने झोपला. पुन्हा नऊच!

पंधराव्या दिवशी नेहमीचे नऊ चढले, तेव्हा फलाटावर दोघे उरले होते. यंत्र दुसऱ्याच्या हातात. कुराशिगेचे हात रिकामे.

"आज हे मोजतील. मी रजा टाकलीय."

"रजा? कशाला?"

"गाडीत बसायला." तो पायरी चढला. मागे टक् वाजलं.

"दहा!" मोजणारा ओरडला. डब्यात एकच टाळ्या!

"अगं, कुठे जायचंय ते तरी विचार त्याला!" आजी म्हणाल्या.

"कुठे... जायचंय?"

"तुमची ड्युटी कुठे संपते?"

"कुरेहाला. पावणेदोनला."

"मग तिथंच. जेवायला थांबेन... तुमची हरकत नसेल तर. पंधरा दिवस मी माणसं मोजली, पण बघत होतो ड्रायव्हरकडे." तो घाईने पुढे म्हणाला, "आकडे मात्र बरोबर लिहिलेत!"

मिझुएने उगाचच टोपी सरळ केली.

"हो म्हण गं बाई, माझे मुळे सुकताहेत!"

"हो," मिझुए म्हणाली. अगदी हळू... तरी सगळ्या डब्याला ऐकू गेलं.

तेवढ्यात नियंत्रण कक्षातून फोन खणखणला. "मिनोकुबोला तीन मिनिटं उशीर! कारण काय?"

पांढऱ्या हातमोज्याने डोळे टिपत मिझुए म्हणाली, "गर्दी झालीय, साहेब."